गेममधली वाढीव खरेदी: डीएलसी, पास, कॉइन आणि क्रेट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेम खेळणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने पहिल्यांदा गेम घेणारे तरुण यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पैसे आधीच कापले गेले असतील तर थेट प्रश्न ११ वाचा, कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे.

१. गेम पूर्ण किमतीला घेतला, तरी आत पुन्हा पैसे मागतात. डीएलसी म्हणजे नक्की काय?

मूळ गेमच्या बाहेरचा, नंतर उतरवून घ्यायचा वाढीव भाग म्हणजे डीएलसी. त्यात नवी कथा असू शकते, नवा नकाशा, नवं पात्र किंवा फक्त एखादा पोशाख. एकाच नावाखाली चाळीस तासांची नवी कथाही विकली जाते आणि बंदुकीवरचा रंगही, त्यामुळे नुसतं ‘डीएलसी’ वाचून काहीच कळत नाही. खरेदीआधी तीन गोष्टी बघा: हातात काय येणार, त्याचे रुपयांत किती होतात आणि ते किती दिवस आपल्याकडे राहणार. खालची बहुतेक उत्तरं या तिन्हींपाशीच येतात, कारण कंपन्या नेमक्या याच गोष्टी अंधुक ठेवतात.

२. एक्स्पान्शन, सीझन पास, बॅटल पास, डिलक्स एडिशन... सगळं एकच का?

नाही. एक्स्पान्शन म्हणजे मोठी भर, जवळजवळ नवा गेमच. सीझन पासमध्ये पुढे येणाऱ्या अनेक डीएलसींचे पैसे आगाऊ भरायचे असतात. बऱ्याचदा त्यातल्या अर्ध्या गोष्टी अजून तयारही नसतात. डिलक्स एडिशन म्हणजे मूळ गेम आणि थोड्या वाढीव वस्तू एकाच पाकिटात. बॅटल पास मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात पैसे भरून वस्तू मिळत नाही, वस्तू मिळवण्याची संधी मिळते. ठरावीक आठवड्यांत तितकं खेळलात तर बक्षीस, नाहीतर नाही (प्रश्न १० पाहा). सीझन पास आणि बॅटल पास ही नावं सारखी वाटतात म्हणून लोक फसतात, विशेषतः वाढदिवसाला भेट देणारे मामा-मावशी.

३. पूर्वी सीडी घेतली की गेम पूर्ण असायचा. हे कधी सुरू झालं?

वाढीव भागाचे पैसे तेव्हाही होते. सायबर कॅफेत ज्यांनी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळला त्यांना ‘द कॉन्करर्स’ आठवत असेल. मूळ गेम १९९९ चा, आणि २००० मध्ये आलेलं हे एक्स्पान्शन वेगळ्या खोक्यात वेगळ्या किमतीला मिळायचं. पण खोका छापायचा, दुकानात पाठवायचा म्हटल्यावर त्यात दम असलेलं काहीतरी भरावंच लागे.

इंटरनेटवरून विक्री सुरू झाल्यावर ही अट गेली. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डाने ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत विकायला काढलं. एक्सबॉक्स ३६० वर त्याची किंमत होती २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट, म्हणजे अडीच डॉलर. त्यावरून खेळाडू भयंकर चिडले, पण ते विकलं गेलं. खोका आणि वाहतूक नसेल तर लहानात लहान वस्तूलाही किंमत लावता येते, हे सगळ्या उद्योगाने त्यातून पाहिलं. २०२५ मध्ये त्याच गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा डिलक्स एडिशनमध्ये घोड्यासाठी पुन्हा नवी चिलखतं होती.

४. डीएलसी विकत घेतलं, पण डाउनलोड जेमतेम काही केबीचं झालं. म्हणजे ते डिस्कवर आधीपासूनच होतं का?

बहुधा हो. तुम्ही फक्त कुलूप उघडणारी किल्ली विकत घेतली. यावरून सर्वांत मोठा वाद २०१२ मध्ये ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्कन’वरून झाला. त्यातली १२ पात्रं डिस्कवरच होती आणि पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हती. त्याच वर्षी ‘मास इफेक्ट ३’ बाजारात आला त्याच दिवशी ‘फ्रॉम अ‍ॅशेस’ हे डीएलसी दहा डॉलरला विकायला आलं. त्यातलं पात्र मुख्य कथेशी इतकं जोडलेलं होतं की ते मुद्दाम कापून काढल्याची भावना अनेकांची झाली.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. गेम तपासणीसाठी आणि डिस्क छापायला गेल्यापासून दुकानात येईपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात चित्रकार आणि लेखक रिकामे बसण्यापेक्षा पुढच्या भागावर काम करतात. शिवाय दोघं मिळून खेळायच्या गेममध्ये समोरच्याने विकत घेतलेलं पात्र तुमच्या पडद्यावर दिसायला ते तुमच्या यंत्रातही असावं लागतं. ही कारणं खरी आहेत. तरीही पूर्ण किंमत मोजून घरी आणलेल्या डिस्कवरचं तयार पात्र कुलूपबंद ठेवणं मला मान्य नाही. वेगळं विकायचं तर वेगळं पाठवावं.

५. मग कुठलं डीएलसी घेण्यासारखं असतं?

ज्याची लांबी, किंमत आणि त्यातला मजकूर आधी सांगितलेला असतो ते. ‘द विचर ३’ हे उदाहरण आजही पुढे करावंसं वाटतं. २०१५ मध्ये गेम आल्यावर १६ छोटी डीएलसी सर्वांना फुकट दिली गेली. पैसे मागितले ते फक्त दोन मोठ्या भागांचे: ऑक्टोबर २०१५ मधलं ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि मे २०१६ मधलं ‘ब्लड अँड वाइन’. दुसऱ्यात तर अख्खा नवा प्रदेश होता. त्याच कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’ ला २०२३ मध्ये ‘फँटम लिबर्टी’ जोडलं गेलं, आणि ‘एल्डन रिंग’ला २०२४ मध्ये ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’. ही सगळी महाग आहेत, पण पैसे कशाचे दिले याबद्दल मनात शंका उरत नाही.

थांबायची तयारी असेल तर अशा गेमची सर्व भागांसह एकत्रित आवृत्ती येते, आणि ती सेलमध्ये बऱ्याचदा मूळ गेमच्या पहिल्या दिवशीच्या किमतीपेक्षा स्वस्त पडते. घाई नसलेल्या माणसाने पहिल्या दिवशी सीझन पास घेऊ नये.

पॅराडॉक्स कंपनीचे इतिहासावरचे गेम हा मधला प्रकार आहे. ‘क्रुसेडर किंग्ज २’ किंवा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ वर्षानुवर्षं डीएलसी घेत वाढत गेले. सुरुवातीपासून खेळणाऱ्याला ते जड गेलं नाही, पण नंतर आलेल्याला सगळी यादी एकदम घ्यायची म्हणजे मोठी रक्कम. अखेर कंपनीने २०१९ मध्ये ‘क्रुसेडर किंग्ज २’ चा मूळ गेम फुकट केला आणि २०२१ मध्ये दोन्ही गेमची डीएलसी मासिक वर्गणीवर खेळायची सोय काढली.

६. गेम सरळ रुपये का घेत नाही? यूसी, डायमंड, व्ही-बक्स हे सगळं कशाला?

ही सगळी गेममधल्या नाण्यांची नावं आहेत, रुपये देऊन ती घ्यायची. असं करण्याचं पहिलं कारण विसरायला लावणं. ‘४५० कॉइन’ वाचताना खिशातून गेलेल्या रुपयांची बोच राहत नाही.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. समजा, हवी ती स्किन (पात्राचं किंवा शस्त्राचं बदललेलं रूप) ४५० कॉइनची आहे आणि पॅक मिळतात ३०० आणि ६०० चे. तुम्ही ६०० घेणार. उरलेल्या १५० मध्ये काहीच येत नाही, पण ते वाया जाऊ नयेत असं वाटतं, म्हणून आणखी एक पॅक. उरलेली नाणी खिशात खुळखुळत राहावीत अशाच रीतीने किमती बसवलेल्या असतात. ‘फोर्टनाइट’चा बॅटल पास कित्येक वर्षं ९५० व्ही-बक्सना होता आणि पॅक १००० चा, म्हणजे पास घेतल्यावर ५० उरणारच. तिसरं, मोठ्या पॅकवर जादा कॉइन दिले जातात, त्यामुळे दोन पॅकमधल्या एका कॉइनचा दर वेगळा पडतो आणि वस्तूची खरी किंमत तोंडी काढता येत नाही. चौथं, एकदा रुपयांचे कॉइन झाले की ते परत रुपये होत नाहीत.

ही युक्ती अटळ नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःचे पॉइंट २०१३ मध्ये बंद करून एक्सबॉक्सच्या दुकानात थेट चलनातल्या किमती आणल्या. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी तत्त्वं जाहीर केली: कॉइनमधल्या किमतीशेजारी खऱ्या चलनातली किंमत दिसावी आणि ग्राहकाला नको असलेलं चलन घ्यायला भाग पाडू नये. आपल्याकडे अशी सक्ती होईपर्यंत एक सवय लावा. पॅकची रुपयांतली किंमत भागिले कॉइनची संख्या, आणि आलेला आकडा वस्तूच्या कॉइनने गुणा. घरातल्या मुलांना हा गुणाकार करून दाखवायला सांगा. माझ्या मते कुठल्याही बंदीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

७. फुकट गेमला पैसे मिळतात तरी कुठून?

थोड्या लोकांकडून. फुकट गेम खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक एक रुपयाही देत नाहीत. खर्चाचा भार पैसे टाकणारे थोडे लोक उचलतात, आणि त्यातही काही मोजके फार मोठा खर्च करतात. व्हॉल्व्हने ‘टीम फोर्ट्रेस २’ मध्ये २०१० ला दुकान उघडलं आणि पुढच्याच वर्षी गेम फुकट केला. हीच रीत पुढे ‘फोर्टनाइट’, ‘बीजीएमआय’ (‘पबजी मोबाइल’ची भारतातली आवृत्ती) आणि पुण्यात तयार झालेला ‘इंडस’ यांच्यापर्यंत आली. फुकट खेळणाऱ्याचाही कंपनीला उपयोग असतो, कारण मैदान भरलेलं नसेल तर महागडी स्किन दाखवायची कोणाला?

८. क्रेट किंवा लूट बॉक्स हा सरळसरळ जुगार नाही का?

पैसे भरायचे, आत काय आहे ते माहीत नाही आणि निकाल नशिबावर. मनावर होणाऱ्या परिणामाच्या बाजूने पाहिलं तर मला तो जुगाराचाच भाऊ वाटतो. कायद्याने काय म्हटलं ते देशागणिक वेगळं आहे.

जपानमध्ये २०१२ साली ‘कोम्पू गाचा’ या प्रकाराला मनाई झाली. त्यात नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठं बक्षीस मिळायचं. साधा गाचा, म्हणजे पैसे भरून नशिबाने एकेक वस्तू काढणं, तिथे आजही चालतो. चीनने मे २०१७ पासून प्रत्येक वस्तू मिळण्याची शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं, आणि त्याच वर्षाअखेर अ‍ॅपलने आपल्या अ‍ॅप स्टोअरसाठी तसाच नियम आणला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ आला आणि प्रकरण चिघळलं. पूर्ण किंमत घेऊनही त्यातली ताकद लूट बॉक्समधून वाटली जात होती, आणि डार्थ व्हेडरसारखं पात्र उघडायला प्रचंड वेळ खेळावं लागे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्याचं समर्थन करणारं उत्तर रेडिटवर दिलं, त्याला सहा लाखांहून जास्त नापसंती पडल्या. गेम विक्रीला येण्याच्या तोंडावर कंपनीला आतली खरेदी थांबवावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘सीएस:गो’ (‘काउंटर-स्ट्राइक’) मधले पैशाचे लूट बॉक्स जुगारात मोडतात असं ठरवलं. नेदरलँड्समध्ये मात्र फिफाच्या पॅकवरून लावलेला दंड २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द केला.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत झाला. पैसे लावून पैसे किंवा तसा लाभ जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या गेमवर त्याने बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व सोशल गेम वेगळे ठेवले. लूट बॉक्सचं नाव घेऊन त्यात स्वतंत्र कलम नाही. म्हणून ‘कायद्याने बंद झालं’ असं समजून निर्धास्त राहू नका.

९. क्रेटमध्ये १ टक्का शक्यता लिहिली आहे. म्हणजे शंभर उघडले की मिळणारच ना?

नाही, आणि या गैरसमजात फार पैसे जातात. प्रत्येक क्रेट स्वतंत्र असतो, आधीचे ९९ रिकामे गेले हे शंभराव्याला माहीत नसतं. गणित असं: शंभर क्रेट उघडूनही हवी ती वस्तू न मिळण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. शंभर-शंभर क्रेट उघडणाऱ्या तिघांपैकी एकाहून जास्त लोक रिकाम्या हाताने परततात. दोनशे उघडले तरी १३ टक्के उरतात. ९० टक्के खात्री हवी असेल तर जवळपास २३० क्रेट लागतील.

अपवाद म्हणजे हमी असलेले गेम. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पाच तारे असलेलं पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, पण ९० प्रयत्नांत एक नक्की मिळतं. तेही हवं तेच असेल असं नाही. पहिल्यांदा दुसरंच आलं तर पुढच्या वेळी हवं ते नक्की, म्हणजे वाईटात वाईट १८० प्रयत्न. असा गेम खेळत असाल तर वाईटात वाईट आकड्याचे रुपये काढा आणि तेवढे देण्याची तयारी नसेल तर पहिला प्रयत्नही पैशाने करू नका.

१०. रॉयल पास घेतला, परीक्षा आली, पूर्ण झाला नाही. उरलेले पैसे किंवा बक्षिसं मिळतील का?

नाही. रॉयल पास म्हणजे ‘बीजीएमआय’मधला बॅटल पास, आणि हंगाम संपला की पास संपला. म्हणून पास हंगामाच्या सुरुवातीला घेऊ नका. ‘फोर्टनाइट’ आणि ‘बीजीएमआय’ दोन्हीकडे पास उशिरा घेतला तरी तोपर्यंत गाठलेल्या पातळ्यांची बक्षिसं एकदम मिळतात. आधी फुकट खेळा, शेवटच्या आठवड्यात कुठवर पोहोचलात ते बघा आणि मग ठरवा. पैसे भरल्यावर ‘वसूल’ करण्यासाठी रात्री जागणारी मुलं अनेक घरांत आहेत. शेवटी घेतलेल्या पासला हे ओझं नसतं.

११. माझ्या मुलाने माझ्या फोनवरून गेममध्ये हजारो रुपये उडवले. परत मिळतील का?

मिळू शकतात, पण पहिले दोन दिवस हातचे जाऊ देऊ नका. आधी मुलाला शांतपणे विचारा की नक्की काय काय घेतलं. ओरडलात तर अर्धी खरेदी लपवली जाईल. मग या क्रमाने जा.

अँड्रॉइडवर गूगल प्लेच्या ऑर्डरच्या इतिहासात जाऊन प्रत्येक खरेदीसाठी परताव्याची मागणी करा. ४८ तासांच्या आत असाल तर गूगलकडूनच निकाल लागण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर गेमच्या कंपनीकडे दाद मागावी लागते. खर्च घरच्या कोणी नाही, अनोळखी माणसाने केला असेल तर त्याची तक्रार १२० दिवसांपर्यंत करता येते. पण मुलाने केलेला खर्च ‘अनोळखी’ म्हणून दाखवू नका. खरं लिहा: अल्पवयीन मुलाने परवानगीशिवाय खरेदी केली. आयफोनवर अ‍ॅपलच्या तक्रार पानावरून हीच मागणी करता येते. तोपर्यंत घेतलेले कॉइन खर्च होऊ देऊ नका.

बँकेकडून लगेच अपेक्षा ठेवू नका. अनधिकृत व्यवहाराबाबतचा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला पूर्ण संरक्षण देतो. मुलाला पिन तुमच्याकडूनच माहीत असेल तर बँक तो तुमचा निष्काळजीपणा धरेल. थेट कार्ड कंपनीमार्फत पैसे उलटवले तर अनेक गेम अकाउंट बॅन करतात, म्हणून तो मार्ग शेवटी ठेवा.

कायदा तुमच्या बाजूने काही प्रमाणात आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्र नसते, आणि १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून असा करार मुळातच निरर्थक धरला जातो. अडचण एवढीच की अकाउंट आणि कार्ड तुमच्या नावावर असतं, त्यामुळे खरेदी मुलाने केली हे दाखवावं लागतं. गेमची कंपनी किंवा स्टोअर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

लाज वाटून गप्प बसू नका. हे जगभर झालं आहे. मुलांनी पालकांच्या संमतीशिवाय केलेल्या खरेदीबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१४ मध्ये अ‍ॅपलला किमान ३.२५ कोटी डॉलर आणि गूगलला किमान १.९ कोटी डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सने फसव्या बटणांच्या आणि विनासंमती आकारणीच्या प्रकरणात २४.५ कोटी डॉलर परताव्यासाठी देण्याचं मान्य केलं. एक चुकीचं बटण दाबलं की खरेदी होते अशी मांडणी तज्ज्ञ माणसं बसून करत असतील, तर सगळा दोष दहा वर्षांच्या पोरावर टाकता येत नाही.

१२. पुन्हा असं होऊ नये म्हणून फोनमध्ये काय करावं?

गूगल प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची करा. मुलाचं वेगळं अकाउंट काढून फॅमिली लिंकला (गूगलची पालकांसाठीची सोय) जोडा. आयफोनवर स्क्रीन टाइममधून अ‍ॅपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते किंवा ‘आस्क टू बाय’ (खरेदीआधी पालकांची परवानगी) लावता येतं. कार्ड आणि यूपीआय जोडून ठेवण्यापेक्षा ठरलेल्या रकमेचा रिडीम कोड द्या. तो संपला की खर्च थांबतो. ज्या बोटाच्या ठशाने खरेदी होते त्यात मुलाचा ठसा नोंदवलेला नाही ना, हेही बघा. ही गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते.

१३. स्टीमवर डीएलसी परत करता येतं का?

येतं. स्टीम म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान. तिथली अट अशी: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि त्यातलं काही वापरून संपवलं नसेल तर. गेमच्या आतल्या खरेदीचा नियम वेगळा आहे: व्हॉल्व्हच्या स्वतःच्या गेममध्ये ४८ तास, तेही वस्तू न वापरता तशीच ठेवली असेल तर. इतर कंपन्यांना ही सवलत देणं बंधनकारक नाही. मोबाइलसाठी प्रश्न ११ पाहा.

१४. गेममधल्या खरेदीवर ४० टक्के जीएसटी लागतो असं ऐकलं. खरं का?

तो दर पैसे लावून खेळायच्या गेमसाठी आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. साधं डीएलसी, स्किन किंवा पास यांवर डिजिटल सेवेचा १८ टक्के जीएसटी असतो आणि रुपयांत किंमत दाखवणाऱ्या स्टोअरवर तो बहुधा किमतीतच धरलेला असतो. कार्डातून जास्त पैसे गेले असतील तर खरेदी डॉलरमध्ये झाली का ते बघा. तसं असेल तर बँक परकीय चलनाचं शुल्क लावते.

१५. एकाने निम्म्या भावात यूसी देतो सांगितलं. घेऊ का?

नको. स्वस्तात टॉप-अप देण्याचे खरे मार्गही असतात: अ‍ॅपल आणि गूगल मोठ्या कंपन्यांकडून साधारण ३० टक्के कमिशन घेत आले आहेत, म्हणून गेमच्या अधिकृत संकेतस्थळावर तोच पॅक थोडा स्वस्त मिळू शकतो. याच कमिशनवरून एपिकने ऑगस्ट २०२० मध्ये अ‍ॅपलला न्यायालयात खेचलं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने गूगलला प्लेच्या बिलिंग सक्तीबद्दल २०२२ मध्ये ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड लावला, तो अपिलात कमी झाला. पण कमिशन वाचवून किंमत निम्मी होत नाही. अर्ध्या भावाचे कॉइन बहुतेक चोरलेल्या कार्डावरून किंवा परतावा उकळून घेतलेले असतात. कंपनीला ते कळलं की कॉइन जातात आणि अकाउंटही. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर ती उघड चोरी आहे. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

१६. काकांनी अमेरिकेहून प्लेस्टेशनची डिस्क आणली. इथे घेतलेलं डीएलसी चालतच नाही.

डिस्कचा प्रदेश आणि अकाउंटचं स्टोअर जुळत नसेल तर हे होतं. अमेरिकी डिस्कला अमेरिकी स्टोअरचं डीएलसी लागतं, भारतीय अकाउंटवरचं तिला ओळखता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांकडून गेम मागवताना हे आधी सांगा: ज्या गेमला पुढे डीएलसी घ्यायचं आहे तो इथल्याच स्टोअरवरून घ्यावा, त्यांनी हवं तर भेटीचे पैसे पाठवावेत.

१७. गेम पासमध्ये गेम फुकट मिळाला. त्याचं डीएलसीही मिळेल?

बहुधा नाही. गेम पास ही मायक्रोसॉफ्टची वर्गणी, तिच्या यादीतले गेम खेळता येतात, पण डीएलसी वेगळं घ्यावं लागतं. आणि मूळ गेम त्या यादीतून निघाला तर विकत घेतलेलं डीएलसी तुमच्या नावावर राहतं, पण गेमच नसल्यामुळे चालत नाही.

१८. बंदी आली किंवा सर्व्हर बंद झाले तर माझ्या खरेदीचं काय?

आतापर्यंतच्या प्रकरणांत खेळाडूच्या हाती फारसं काही लागलेलं नाही. ‘पबजी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली तेव्हा लोकांच्या स्किन अडकल्या. पुढच्या वर्षी ‘बीजीएमआय’ आल्यावर काही काळ जुनी माहिती तिकडे नेता आली, पण ती कंपनीने दिलेली सवलत होती, हक्क नव्हता. जुलै २०२२ मध्ये तोही गेम स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. यूबिसॉफ्टचा ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला आणि ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते त्यांनाही तो उघडता येईना. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि तिच्या युरोपीय याचिकेने २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

मुळात तुम्ही वस्तू घेत नाही, वापरायचा परवाना घेता. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून हे विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगणं कायद्याने आवश्यक झालं. स्टीमच्या खरेदीच्या पानावर तशी ओळ आता दिसते, ती वाचा.

१९. माझ्याकडे महागड्या स्किन आहेत. विकून पैसे मिळतील का?

बहुतेक मोबाइल गेममध्ये नाही. अकाउंट विकणं नियमांविरुद्ध असतं आणि घेणाऱ्याचं अकाउंट बॅन झालं तर भांडण तुमच्या दारी येतं. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये स्टीमच्या बाजारात विक्री होते, पण व्हॉल्व्ह १५ टक्के कापून घेतं आणि उरलेली रक्कम स्टीम वॉलेटमध्येच राहते, बँकेत येत नाही. बाहेरच्या साइटवर रोख मिळतं, तिथे फसवणुकीचा धोका तुमचा.

गुंतवणूक म्हणून स्किन घेणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२५ आठवावा. व्हॉल्व्हने ‘काउंटर-स्ट्राइक’च्या एका अपडेटमध्ये लाल दर्जाच्या पाच स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवायची सोय केली. दुर्मीळ चाकूंचे भाव काही तासांत कोसळले आणि त्या लाल स्किन महागल्या. कुणाची चोरी झाली नव्हती, नियमही मोडला नव्हता. किती चाकू बाजारात येतील हे ठरवण्याचा अधिकार पहिल्यापासून कंपनीकडेच होता.